मे महिन्यात पँगाँग: बेळगावहून नऊ जण, एजंटाचा प्लॅन चालेल का?

वडगावकर

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आम्ही घरचे नऊ जण लडाखला जाऊलोय. मुख्य ओढ पँगाँग तलावाची. काठावर एक रात्र तरी राहायचं सगळ्यांच्या मनात आहे. माणसं अशी: बाबा ७०, आई ६६ आणि तिला बीपीची गोळी चालू, आम्ही दोघं, मुलं ११ आणि ६ वर्षांची, शिवाय चंदगडहून बहीण, दाजी आणि त्यांचा नववीतला मुलगा.

एजंटाचा प्लॅन असा आहे. पहिल्या दिवशी सकाळी विमानानं लेह, दुपारी शांती स्तूप आणि लेह पॅलेस. दुसऱ्या दिवशी खारदुंग-ला खिंड ओलांडून नुब्रा खोरं. तिसऱ्या दिवशी नुब्राहून श्योक नदीकाठच्या रस्त्यानं पँगाँग, तंबूत मुक्काम. चौथ्या दिवशी चांग-ला खिंड ओलांडून परत लेह. पाचवा दिवस बाजारहाट, सहाव्या दिवशी विमान.

हे नऊ जणांना झेपेल का? मे बरा की दसऱ्याची सुट्टी? कपडे आणि खाणं किती न्यावं? दिल्लीपर्यंत रेल्वे की विमान? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

केए२२

आधी प्लॅनचं बोलतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. तो जसा आहे तसा घेऊ नका.

बेळगाव साधारण ७५० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. विमानातून उतरता तेव्हा दिल्लीहून सव्वा तासात तीन किलोमीटरपेक्षा जास्त वर आलेले असता. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दोन-तीन रात्री लागतात आणि त्यात घाई चालत नाही. तुमच्या एजंटानं पहिल्याच दुपारी स्तूपाच्या पायऱ्या ठेवल्यात आणि दुसऱ्या दिवशी ५,३५९ मीटरची खिंड. (खारदुंग-लावरच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, प्रत्यक्ष मोजमाप सुमारे १७,५८० फूट भरतं. तरी तेवढी उंची पुरेशी आहे.)

खिंड ओलांडायला तास-दोन तास लागतात, त्यामुळं बहुतेकांना ती निभते. खरा हिशेब रात्री कुठल्या उंचीवर झोपता याचा असतो. नुब्रातलं दिस्कित-हुंदर ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खाली. तिथं झोप चांगली लागते. तिथून दुसऱ्याच रात्री पँगाँगच्या काठी सव्वाचार हजार मीटरवर तंबूत झोपायचं म्हणजे एका दिवसात अकराशे मीटरची उडी, तीही लेहला एकच रात्र काढलेली असताना. रात्री दोन वाजता डोकं धरून बसण्याची वेळ येते ती अशा प्लॅनमध्ये.

शहापूर_डॉक्टर

वरचं बरोबर आहे. वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगते, पण ही माहिती म्हणून घ्या. आईबाबांना तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे निदान महिनाभर आधी न्या.

सर्वसाधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. विमानानं लेहला जाताना हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो, म्हणून लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती हवी. उंची बाधू नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी म्हणजे अॅसिटाझोलामाइड. मोठ्यांना बचावासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पोहोचायच्या आदल्या दिवसापासून सुरू करून वर गेल्यावर दोन दिवस. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर घेऊ नये. या गोळीनं लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो; हे अपेक्षित परिणाम आहेत, घाबरू नका. तुमच्या आईच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल तर दोन्ही मिळून शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं. गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. लहान मुलांचा डोस वजनावर असतो, तो बालरोगतज्ज्ञांनीच लिहून द्यावा.

लक्षणं बहुधा पोहोचल्यावर ६ ते १२ तासांत दिसतात: डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, थकवा, गरगरणं. एवढ्यावर असेल तर आणखी वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची, डोकेदुखीला पॅरासिटामॉल. उतार पडला नाही तर खाली. सहा वर्षांचं मूल डोकं दुखतंय असं नीट सांगत नाही. ते खेळायचं थांबलं, जेवेना, चिडचिड करून आडवं पडलं, तर तेच लक्षण समजा.

धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, म्हणजे मेंदूला सूज. बसल्या जागी धाप, खोकला, निळसर ओठ, म्हणजे फुप्फुसात पाणी. यात सकाळची वाट बघायची नाही. प्राणवायू लावा आणि रात्र असली तरी त्याच क्षणी खाली निघा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ ठेवा, पण आकड्याला भिऊ नका. लेहमध्ये निरोगी माणसाचाही ८५ ते ९२ टक्के येतो. बोटं गार असली किंवा नखाला पॉलिश असलं की आकडा चुकतो. माणूस कसा दिसतोय ते आधी बघा.

मलप्रभाकाठ

डॉक्टरताई, खाली निघा म्हणताय ते पँगाँगला कसं जमवायचं हेही सांगायला हवं. तिथून लेहला यायचं तर आधी चांग-ला, म्हणजे ५,३६० मीटर चढायचं. आजारी माणसाला खाली न्यायच्या नावाखाली अकराशे मीटर वर नेल्यासारखं होतं.

केए२२

अगदी मुद्द्याचं बोललात. पँगाँगहून एवढी मोठी खिंड न चढता खाली उतरणारा जवळचा रस्ता असा: टांगत्से, दुरबुक, श्योक गाव आणि तिथून नदीच्या कडेनं अघमवरून नुब्राकडे. टांगत्से ३,९५० मीटरच्या आसपास, काठापासून गाडीनं तासाभरावर. तिथं आरोग्य केंद्र आहे. रात्री कुणाचं बिघडलं तर पहिला थांबा टांगत्से, प्राणवायू लावायचा आणि पुढं कुठल्या बाजूनं न्यायचं ते तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या. लेहमधलं मोठं रुग्णालय म्हणजे सोनम नोरबू मेमोरियल. म्हणून गाडी आणि ड्रायव्हर रात्रभर तुमच्याच मुक्कामी हवेत. ड्रायव्हर कुठं झोपणार हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

बाजारात मिळणारे प्राणवायूचे स्प्रेसारखे हलके डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. लेहमध्ये रेग्युलेटर आणि मास्कसकट छोटा सिलिंडर भाड्यानं मिळतो. नऊ जणांत एक घ्याच. घेताना काटा बघा, चावी उघडून बंद करून बघा, मास्क लहान मुलाला बसतो का तेही बघा.

चंदगडी

मे की दसरा, यावर मी बोलतो, कारण आमच्या भागात हा घोळ घरोघरी असतो. बेळगावची मुलं कर्नाटकाच्या शाळेत: सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते, मेअखेरीस शाळा उघडते. चंदगडची मुलं महाराष्ट्राच्या शाळेत: सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत. तुमच्याकडं दसऱ्याला मोठी सुट्टी, आमच्याकडं दिवाळीला. म्हणजे दोन्ही घरांची मुलं एकत्र मोकळी असतात ती फक्त मेमध्ये. लडाखचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, तो दोघांना एकत्र मिळत नाही.

फक्त बेळगावचंच घर असतं तर दसऱ्याचा विचार करता आला असता, पण त्यातही पंचांग बघावं लागतं. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, तेव्हा तलावावर तंबू चालू होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला गेला. तोपर्यंत काठावरचे बरेच तंबू उतरवलेले असतात आणि रात्री पाणी बाटलीत गोठतं. अधिक मास असलेल्या वर्षी दसऱ्याला तलाव नको.

मेमध्ये गेलात तर पंधरा तारखेनंतर जा. सुरुवातीला काठाकाठानं बर्फ असू शकतं, सगळे तंबू उघडलेले नसतात आणि खिंडीत बर्फ पडलं की रस्ता काही तास, कधी पूर्ण दिवस बंद राहतो. मनाली-लेह रस्ता तेव्हा भरवशाचा नसतो. म्हणून मेमध्ये लेहला विमानानं किंवा श्रीनगर-कारगिलच्या रस्त्यानं, एवढंच.

निपाणीकरीण

श्रीनगरचा रस्ता निघालाच आहे म्हणून सांगते. वेळ असेल तर तब्येतीला तोच चांगला. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, तिथं दल सरोवरावर दोन रात्री, मग झोजी-ला ओलांडून कारगिल, सुमारे २,७०० मीटर, मग लेह. शरीर पायरीपायरीनं चढतं. पण झोजी-लावर मेमध्ये बर्फाच्या भिंतींतून एकेरी वाहतूक असते, दरड आली की तासन्‌तास खोळंबा होतो. आजीआजोबा आणि सहा वर्षांचं मूल घेऊन तो खोळंबा सोसायची तयारी हवी.

दुसरा उपाय आहे, फार जण वापरत नाहीत. लेह विमानतळावरून थेट अलची गाठायचं. सिंधूच्या काठानं सुमारे ७० किलोमीटर खाली, ३,१०० मीटरच्या आसपास. पहिल्या दोन रात्री तिथं झोपा, गावातला जुना बौद्ध मठ सावकाश बघा, निम्मूला सिंधू आणि झंस्कारचा संगम येताजाता होतो. लेहच्या हॉटेलात छताकडं बघत पडण्यापेक्षा हे बरं आणि चारशे मीटर खाली झोपल्याचा फायदा पहिल्याच सकाळी जाणवतो.

मलप्रभाकाठ

प्रवासाचं माझ्याकडून. गोवा एक्स्प्रेस बेळगावला संध्याकाळी मिळते, दोन रात्री गाडीत, तिसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीन. तिकीट साठ दिवस आधी खुलतं आणि मेमधली नऊ तिकिटं एकत्र हवी असतील तर पहिल्याच सकाळी काढा. लेहची विमानं पहाटे ते दुपारपर्यंतच असतात, कारण दुपारनंतर दऱ्यांतला वारा वाढतो. म्हणजे त्याच दिवशीचं विमान धरायच्या भानगडीत पडू नका, दिल्लीत एक रात्र धरा. गाडी चार तास उशिरा आली तरी मग जिवाला घोर नाही.

येतानाही तसंच. लेहहून हवा खराब असली की विमान रद्द होतं आणि सगळे दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवता येत नाहीत. परतीचं रेल्वे तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीचं थेट विमान वेळेला मिळालं तर आईबाबांना त्यानं पाठवा. नाहीतर चोर्ला घाटातून गोव्यातल्या मोपा विमानतळाला जाऊन तिथून दिल्ली.

वडगावकर

डोळे उघडले की हो. आता दोन शंका. आईबाबांना न्यावं की नाही? आणि काठावर रात्र काढायचीच असेल तर कशी?

शहापूर_डॉक्टर

वय हे एकटं कारण नाही. सत्तरीचा माणूस रोज फिरणारा असेल, हृदय आणि फुप्फुसं ठीक असतील, बीपी आटोक्यात असेल, तर नीट चढवलेल्या प्लॅनमध्ये जाऊ शकतो. पण छातीत दुखण्याचा इतिहास, दम्याचा जोर, झोपेत श्वास अडकणं यांतलं काही असेल तर पँगाँग नको. आत्तापासून रोज पाऊण तास चालायला लावा आणि आठवड्यातून एकदा राजहंसगड चढा. चढताना बोलता येतं का ते बघा. मात्र इथला सराव दम वाढवतो, उंची बाधणार नाही याची हमी देत नाही. उलट तरणी, धडधाकट मुलं पहिल्या दिवशी उड्या मारतात आणि संध्याकाळी तीच आडवी होतात.

केए२२

काठावरच्या रात्रीचं असं करा. काठावर मुक्कामाची गावं: लुकुंग, स्पांगमिक, मान, मेराक. मेमध्ये तंबूपेक्षा गावातल्या घरात खोली घ्या. जाड मातीच्या भिंती दिवसाची ऊब धरतात, तंबूचं कापड वाऱ्यात रात्रभर फडफडतं. रात्री तापमान शून्याच्या खाली जातं. वीज बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचे काही तासच असते, त्यामुळं रात्रभर चालणारा हीटर गृहीत धरू नका. आणि बंद खोलीत शेगडी किंवा सिगडी पेटती ठेवून झोपू नका. त्यातला विषारी वायू कळायच्या आत जीव घेतो.

मी आखला असता तर दहा दिवस असे. पहिल्या दोन रात्री अलची. तिसरी रात्र लेह, त्या दिवशी फक्त बाजारात सावकाश फेरी. चौथी आणि पाचवी नुब्रा. खारदुंग-लावर फोटोपुरतं दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, धावायचं नाही. सहाव्या दिवशी श्योकच्या रस्त्यानं टांगत्से, मुक्काम तिथंच. नुब्राहून पहाटे निघा, कारण दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळून ओढे रस्त्यावर येतात आणि संध्याकाळी गाडी अडकते. सातव्या दिवशी सकाळी सातला टांगत्से सोडून तलाव. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा पाण्यात डोंगर आरशासारखे दिसतात, आणि दहा ते तीनच्या उन्हात निळ्याच्या सगळ्या छटा बघायला मिळतात. संध्याकाळी आईबाबा आणि धाकटं मूल परत टांगत्सेला, ज्यांचं डोकं शांत आहे आणि भूक नीट आहे ते मान गावात राहतील. आठव्या दिवशी चांग-लावरून लेह. नववा राखीव. दहाव्याला विमान.

यासाठी गाड्या दोन घ्या, एक नको. माणसं दोन ठिकाणी झोपणार, दोन्हीकडं वाहन हवं. लेहच्या टॅक्सी युनियनचं मार्गनिहाय दरपत्रक ठरलेलं असतं, त्यावरून एजंटाचा भाव ताडून बघा. स्वतःची केए (कर्नाटक) पाटीची खासगी गाडी चालते. बाहेरची टॅक्सी किंवा भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी तिथं अडवतात.

चंदगडी

नुब्रात ३,१०० आणि दुसऱ्या रात्री टांगत्से ३,९५०, म्हणजे साडेआठशेची उडी आहेच की. डॉक्टरांच्या नियमात बसत नाही.

केए२२

बसत नाही, खरं आहे. पण त्याआधी पाच रात्री ३,१०० ते ३,५०० मध्ये गेलेल्या असतात आणि खारदुंग-लाही ओलांडलेली असते, म्हणून निभण्याची शक्यता बरीच वाढते. टांगत्सेला पोहोचल्यावर कुणाचं डोकं दुखत असेल तर त्यानं दुसऱ्या दिवशी तलावाला जायचं नाही, हा नियम घरून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा. तिथं गेल्यावर भीड पडते.

निपाणीकरीण

खाण्याचं राहिलं. सव्वाचार हजार मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, भात वरून मऊ आणि आत कणी राहतो. म्हणून कच्चं सामान न्यायचा उत्साह नको. भाजलेलं न्या: मेतकूट, चिवडा, दशम्या, भाजणीचे वडे. गोकाकचं करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) उत्तम, टिकतं आणि थोडक्यात ताकद देतं. बेळगावचा कुंदा (दुधाची मिठाई) नको, मेच्या उन्हात गाडीत दोन रात्री त्याला सोसत नाहीत. हवाबंद पाकिटं वर गेल्यावर फुग्यासारखी टम्म होतात आणि बॅगेत फुटतात. घरीच फोडून डब्यात भरा. तिथं भूक मरते, म्हणून थोडं-थोडं पण पाच वेळा खा. तेलकट कमी, भात आणि थुक्पा (तिथलं नूडल्सचं सूप) जास्त. पाणी तीन लिटरच्या आसपास. लिटरमागून लिटर ढोसून उंची बाधायची थांबत नाही. दारू पहिल्या दिवसांत अजिबात नको, झोपेच्या गोळ्याही नकोत.

कपड्यांना एकच जाड स्वेटर घेऊन भागत नाही. अंगाला थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं. आपला बेळगावच्या पावसाचा चांगला रेनकोट वरच्या थराला चालतो. दोन जोड हातमोजे, कानटोपी, लोकरीचे मोजे. जाड जॅकेट लेहमध्ये भाड्यानं मिळतं, नऊ जॅकेट इथून वाहू नका. गॉगल मुलांनाही हवा, बर्फावरून येणारं ऊन डोळे जाळतं. हवा कोरडी असते, नाक फुटतं. रात्री नाकपुडीत तुपाचं बोट फिरवा.

मलप्रभाकाठ

मोबाईलचं आत्ताच बघा. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. नऊ जणांत निदान तीन पोस्टपेड आणि तेही वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा. रोकड लेहमधून काढून घ्या. पॉवरबँक विमानात हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत चालत नाही. परवाने आणि पर्यावरण शुल्काचे नियम मधूनमधून बदलतात. त्या आठवड्यात काय चालू आहे ते लेहच्या मुक्कामी विचारून, सगळ्यांच्या आधारच्या चार-चार प्रती काढून ठेवा.

तलावावर गाडी पाण्यात घालू नका, ड्रोन उडवू नका, पुढं सीमा आहे. पाणी खारट आहे, त्यात साबण लावून हात धुऊ नका. गावात पिण्याचं पाणी ओढ्यातून येतं आणि मेमध्ये तेही थोडं असतं, म्हणून आंघोळीचा हट्ट नको.

वडगावकर

आई-बाबांशी बोललो. डॉक्टरांनी नको म्हटलं तर ते दोघं आणि आमचं धाकटं उत्तराखंडातल्या भीमतालला राहतील का, असा विचार आहे. तो पर्याय कसा?

निपाणीकरीण

चांगला आहे. भीमताल १,४०० मीटरच्या आत, उंची बाधायचा प्रश्न नाही. दिल्लीहून काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढं तासाभराच्या आत भीमताल. खुद्द नैनीतालमध्ये मेच्या शनिवार-रविवारी गाड्या शहराबाहेरच अडवतात, म्हणून मुक्काम भीमताल किंवा नौकुचियाताल, आणि नैनीताल मधल्या वारी एका दिवसात. सोबत एक कर्तं माणूस हवंच, म्हणजे तुमच्या दोघांपैकी एकाला पँगाँग सोडावं लागेल. ते आत्ताच ठरवा, तिकिटं त्यावर आहेत.

चंदगडी

तारखा पक्क्या करण्याआधी कालनिर्णयात अमावस्या बघा. काठावरची रात्र अमावस्येच्या दोन-तीन दिवस इकडंतिकडं आली तर आकाशगंगा उघड्या डोळ्यांनी दिसते, पौर्णिमेला ती चांदण्यात बुडून जाते. आणि बहिणीच्या मुलाच्या शाळेचा निकाल कधी लागतो तेही विचारून घ्या, आमच्याकडं काही शाळांत तो मेच्या पहिल्या आठवड्यात असतो.

वडगावकर

एजंटाला आज नाही म्हणून कळवलं. सोमवारी आईची ईसीजी आहे. रिपोर्ट आला की दहा दिवसांचा प्लॅन तारखांसकट इथंच टाकतो, त्यात कुठं चुकतंय ते बगा.